तात्याराव बाहेर पडले

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, आणि समाज अ‍ॅडमिनच्या परवानगीनं चालतो. यातला पहिला भाग पुस्तकात सापडतो. दुसरा मी स्वतः संशोधन करून काढलेला आहे. मी परभणीच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो (तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर गोपाळसर, नाही झाला तर नुसता गोपाळ), आणि समाजाचा अभ्यास करायला मला गावाबाहेर जावं लागत नाही. आमच्या भावकीचा ग्रुप आहे.

गाव वालूरच्या पुढं, भावकीची घरं चाळीसेक. पूर्वी कोण कुणाशी बोलत नाही हे कळायला लग्नकार्याची वाट बघावी लागायची. आता ते रोज सकाळी चहाबरोबर कळतं. कुणी कुणाच्या नातवाच्या फोटोला अंगठा दिला, कुणी नुसते हात जोडले, कुणी बघून गप्प बसलं, सगळं समोर असतं. आमचे वडीलधारे भगवानराव तर निरोप उघडतच नाहीत. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसेल तेवढं वाचतात आणि फोन उपडा ठेवतात, म्हणजे वाचल्याची खूण उठत नाही. याला आम्ही मोठेपणा म्हणतो.

तर झालं असं, की तात्यारावांच्या शिवकन्येचा साखरपुडा ठरला. पाहुणे पाथरीचे, घर चांगलं, पोरगी त्यांना पसंत. त्यांचं म्हणणं एकच होतं: सुपारी फोडताना तुमची भावकी बसलेली दिसली पाहिजे. यात गैर काही नाही. जिच्यामागं भावकी नाही, तिला उद्या सासरी कुणी वेडंवाकडं बोललं तर विचारायला कोण येणार, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. तात्यारावांनाही ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांना रात्रंदिवस तोच घोर होता.

त्या गडबडीत फोन सारखा वाजायला लागला. तात्यारावांनी आवाज बंद करायला म्हणून बोट दाबलं आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले. अशी चूक फोन चारचौघांत सांगत नाही, फक्त अ‍ॅडमिनच्या कानावर घालतो. परंतु आमचा अ‍ॅडमिन बालाजी किराणा दुकानदार असून कर्तव्यदक्ष आहे. त्यानं जाहीर केलं, ‘तात्याराव ग्रुपमधून बाहेर पडले आहेत. कारण समजू शकले नाही. सर्वांनी संयम राखावा.’

तोवर संयम कुणीच सोडलेला नव्हता. पण राखायला सांगितल्यावर माणूस विचार करतोच. दुपारपर्यंत तीन सिद्धांत तयार झाले. एक, पाथरीचे सोयरे मिळाल्यामुळं तात्यारावांना आता भावकी नको झालीय. दोन, बांधाचं जुनं भांडण वर आलंय (ते मिटून वीस वर्षं झाली, पण सिद्धांताला तारखेची अट नसते). तीन, भगवानरावांच्या नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी अंगठा दिला नव्हता, म्हणजे हे ठरवून चाललं होतं. मला तज्ज्ञ म्हणून विचारण्यात आलं. मी म्हणालो, व्यक्तीनं समूहापासून तुटणं हे आधुनिक समाजाचं लक्षण आहे. तिन्ही सिद्धांतवाल्यांना तो आपलाच विजय वाटला.

तात्याराव बालाजीच्या दुकानात गेले.

“बोट लागलं रे बाबा. घे मला परत.”

“एका मिनिटाचं काम हाय, तात्या,” बालाजी म्हणाला. “पर लोक म्हणतील, मी तुमची बाजू घेतली. मतदान घेतो की.”

मतदान घेतलं: तात्यारावांना परत घ्यावे काय? होय की नाही. कुणी कुठं मत दिलं ते सगळ्यांना दिसत असल्यामुळं एकही मत पडलं नाही. सगळे भगवानरावांची वाट बघत होते, आणि भगवानराव वरच्या पट्टीत वाचत होते.

शेवटी तात्याराव आणि रेणुकावहिनी कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर फिरले. चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला.

“आमी येतोच की,” सगळे म्हणाले. “पर तेवढं ग्रुपवर टाका.”

साखरपुड्याच्या दिवशी भावकीत एकही चूल पेटली नाही. चूलबंद घेऊन चूल पेटवणं म्हणजे तोंडावर अपमान, आणि आम्ही दस्तुराला धरून असतो. पण ग्रुपवर बोलावणं आलेलं नसताना आधी कुणी निघायचं, हाही प्रश्नच होता. त्यामुळं चाळीस घरं इस्त्रीचे कपडे घालून उपाशी बसली. तात्याराव मांडवातून एकेकाला फोन लावत होते. सगळे म्हणत होते, “निघालोच.”

“तुमी जाता का न्हाई?” माझ्या बायकोनं, राजेश्रीनं विचारलं.

“भगवानराव निघू दे.”

“त्यांची बायकू म्हणली, ते तुमची वाट बघायलेत. सर निघाले की निघू म्हणलेत.” मग ती म्हणाली, “मला लय लाज वाटायलीय,” आणि पाणी प्याली. (चूलबंदच्या दिवशी पाण्याला बंदी नसते.)

मांडवात भावकीतर्फे एकट्या तानुबाई गेल्या. त्यांच्याकडं फोन नाही, त्यामुळं शास्त्रीयदृष्ट्या त्या समाजात मोडत नाहीत. आवतन आलं, भूक लागली, त्या गेल्या. सुपारीची वेळ झाली तसं पाथरीकरांनी विचारलं, “भावकीतलं कोण?”

“मी हाय की,” तानुबाई म्हणाल्या. “बाकीचे यायलेत.”

पाथरीकरांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि सुपारी तानुबाईंच्या समोर फुटली. शिवकन्या मान खाली घालून बसली होती ती शेवटपर्यंत तशीच होती, असं तानुबाईंनी नंतर सांगितलं.

नवरदेवाच्या भावानं मांडवातला फोटो स्टेटसला ठेवला. बालाजीनं तो फोटो उचलून ग्रुपवर टाकला, आणि भावकी मोकळी झाली. पहिलं अभिनंदन भगवानरावांचं. मग पाठोपाठ फुलं, लाडू, हात. ‘लेक आपली सर्वांची.’ ‘सदैव पाठीशी आहोत.’ मीही चार ओळी लिहिल्या, त्यात कुटुंबसंस्थेचा उल्लेख केला. तात्याराव ग्रुपमध्ये नसल्यामुळं त्यांना यातलं काहीच दिसलं नाही. मग घरोघर चुली पेटल्या. त्या फोटोत शिवकन्येची मान खालीच आहे, बाकी सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. तात्याराव तेवढे दाराकडं बघतायत.

आमच्या भावकीचं तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त हसून झालं की फोन घ्या. त्यात वरच्या पट्टीत वाचून, न उघडता ठेवलेलं एक बोलावणं पडलंय. कुणाचं ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. जायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. त्या माणसानं दाराकडं बघणं कधी थांबवायचं, तेवढं त्याला कळवावं.