बेचाळीस भावांचा भाऊ

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे पाच दिवस विद्यापीठाची वसतिगृहं बंद असतात, कारण त्या दिवसांत प्रत्येक विद्यार्थी आपापल्या घरी असतो. जो नसतो त्यानं तीन आठवडे आधी अर्ज करायचा आणि घर लांब असल्याचा पुरावा जोडायचा. किर्गिझस्तानच्या अझामतनं पहिल्या वर्षी नकाशा जोडला. नकाशावर पालकांची सही नसल्यामुळे अर्ज परत आला. ते पाच दिवस त्यानं बसस्थानकावर काढले.

दुसऱ्या वर्षी त्यानं फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात, नाव घातलं. वसतिगृहात नुसते शेजारी असतात, इथे जन्मभराचे भाऊ मिळतात. आणि भावांचं स्वतःचं घर असतं.

त्या घरात बेचाळीस मुलं होती आणि त्यांच्या जेवणाखाण्यावर, रीतभातीवर देखरेख करणाऱ्या लॉर्नाबाई. मुलं त्यांना मॉम म्हणत. एकतीस वर्षं त्या तिथे होत्या. त्र्याण्णव साली भाऊ होऊ पाहणाऱ्या उमेदवारांना पोतंभर कच्चे कांदे खायला लावत, ते त्यांना अजून आठवे. पोरं रडत, पण एकमेकांचे डोळेही पुसत. आता छळाला सक्त मनाई होती. छळ होत नसल्याची वही दाराशी ठेवली होती आणि तिच्यात उमेदवारानं रोज सकाळी सातच्या आत सही करायची होती. सही चुकली की वीस जोर.

अझामतनं आठ आठवड्यांत एकशे ऐंशी जोर मारले. पण खरी परीक्षा पाठांतराची होती. बेचाळीस भावांची नावं, गावं, आयांची नावं, कुत्र्यांची नावं. भावाला भावाचं घर ठाऊक नको?

"ए कझाक," अध्यक्ष ब्रॅडीनं जेवताना विचारलं, "माझं गाव?"

"मॅकफर्सन. आई शीला, कुत्रा बिस्किट. आणि मी किर्गिझ आहे."

"तेच ते रे! शाबास, भावा."

पैकीच्या पैकी गुण मिळवून अझामत भाऊ झाला. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो आला. खाली छापलं होतं, 'इथे कुणीही परका नाही.'

त्याच आठवड्यात सभा भरली. सुट्टीत घर बंद ठेवावं असा ठराव आला. नव्या भावाचं मत बहुमताच्या बाजूनं धरायची प्रथा असल्यामुळे तो एकमतानं मंजूर झाला.

"पण मी इथेच राहणार होतो," अझामत म्हणाला.

"वेडा आहेस का?" ब्रॅडी हसला. "थँक्सगिव्हिंगला इथे कोण असतं? सगळे आपापल्या घरी असतात."

बुधवारी दुपारपर्यंत बेचाळीस गाड्या गेल्या. प्रत्येकानं अझामतला मिठी मारली. लॉर्नाबाई कुलूप लावायला आल्या तेव्हा तो पायरीवर पिशवी घेऊन बसला होता.

"कुठे जाणार रे बाळा?"

"बघतो, मॉम. तुम्ही सलायनाला जाणार. बहीण डोलोरिस. टेबल आठ जणांचं, माणसं सात."

"अगं बाई! हे तुला कुणी सांगितलं?"

"परीक्षेत होतं. शेवटचा प्रश्न."

लॉर्नाबाईंना भरून आलं. एकतीस वर्षांत शेवटचा प्रश्न कुणी सोडवला नव्हता.

"तुला कसली रे काळजी," त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बेचाळीस घरं आहेत तुला!" आणि वाट वाकडी करून त्यांनी त्याला बसस्थानकापर्यंत सोडलं. पुढच्या सीटवर पम्पकिन पाय, सणाचा भोपळ्याचा गोड पदार्थ, ठेवला होता, म्हणून तो मागे बसला.

दुसऱ्या दिवशी डोलोरिसच्या टेबलावर, रिवाजाप्रमाणे, एकेकानं आपण कशाबद्दल ऋणी आहोत ते सांगितलं.

"आजकालच्या मुलांना अजून बंधुभाव कळतो, याबद्दल," लॉर्नाबाई डोळे टिपत म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

आठवी खुर्ची काही रिकामी नव्हती. तिच्यावर सगळ्यांचे कोट ठेवले होते. आपल्याकडे तशी थंडी नसते, म्हणून अशा खुर्चीवर पर्स ठेवतात.