उसनी गोळी

रुख्माबाई खोकत आली, स्टुलावर बसली आणि बसल्यावर खोकायची विसरली.

"काय होतंय मावशी?" डॉक्टर संघपालांनी विचारलं.

"खोकला हाय ना बाप्पा." तिने आठवणीने दोनदा खोकून दाखवलं. "ते लाल-पिवळी लिहून द्या."

घसा स्वच्छ होता. छातीत मांजराच्या पिल्लाइतकीही घरघर नव्हती. तरी डॉक्टरांनी जंतू मारायची ती लाल-पिवळी गोळी लिहून दिली, पूर्ण कोर्सची. दिली नसती तर रुख्माबाई उठून रस्ता ओलांडून समोरच्या डॉक्टर वामनरावांकडे गेली असती, आणि वामनरावांकडून रिकाम्या हातानं कुणी परत आल्याचं वस्तीत ऐकिवात नव्हतं. दवाखाना नवा होता तेव्हा संघपाल सर्दीला वाफ सांगत, घशाला मिठाच्या गुळण्या सांगत. तेव्हा दवाखान्यात त्यांच्या सोबतीला पंखा तेवढा उरला होता. मग त्यांनी हात सैल सोडला. वस्ती म्हणाली, "आता शिकला पोरगा."

त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की रुख्माबाईचा खोकला हा आजार नव्हता. ती परतफेड होती.

वस्ती विणकरांची. माग कधीच थांबले होते आणि पोरं कंपनीच्या बसमध्ये बसून हिंगण्याला जात होती, पण उसनवारी थांबली नव्हती. या घरचं विरजण त्या घरी लागायचं, त्या घरची साखर या घरच्या चहात विरघळायची. तशीच गोळीही फिरायची. नत्थूच्या बायकोकडे, तुळसाबाईकडे, सुताच्या कांड्या ठेवायची जुनी लाकडी पेटी होती. जिथे रंगीत सूत निजायचं तिथे आता गोळ्या निजत: लाल-पिवळ्या एका खणात, पांढऱ्या लांबट दुसऱ्यात. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पेटीत यायच्या. "दोन गोळ्यांत मानूस उठला, तं बाकीच्या काहून वाया घालवाच्या?" असं तुळसाबाई म्हणे. त्यातली निम्मी माणसं गोळी न घेताही उठलीच असती, पण गोळीच्या वाट्याचं पुण्य कोण नाकारणार? उसन्याला नियमही होता, आणि तो ती जात्यावरच्या चालीत गुणगुणायची:

*गोळी बाई गोळी, लाल-पिवळ्या अंगाची,*
*उसनी नेली ज्यानं, फेडावी त्याच रंगाची.*

त्याच रंगाची फेडायची म्हणजे दवाखाना आला. दवाखाना म्हणजे खोकला आला.

या साऱ्यात खरा आजारी एकच होता, तो खुद्द नत्थू. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सावनेरला दिलेल्या लेकीला, दामिनीला, मुलगी झाली. नत्थूने नात हातांनी चाचपून ओळखली, तिचं तोंड काही दिसलं नाही. धंतोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, तोच त्याला थंडी वाजून ताप भरला. लघवीत इन्फेक्शन निघालं. "आधी हे घालवा, मग डोळा," असं धंतोलीने सांगितलं आणि नत्थू संघपालांकडे आला.

या वेळी गोळी खरोखरच लागणार होती. डॉक्टरांनी तुळसाबाईला बजावलं, "काकू, पूर्ण आठवडा द्यायची. एकही सोडायची नाही."

"सोडीन काय मी?"

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. नत्थूने भाकर मागून घेतली. तुळसाबाईने देवाला हात जोडले आणि उरलेल्या गोळ्या पेटीत टाकल्या. संध्याकाळी शेजारची प्रीती आली. "काकू, पोराचं पोट बिघडलं वं." त्यातल्या काही तिच्याकडे गेल्या. उरलेल्या गल्लीतल्या प्रशिकच्या दुखऱ्या दाढेसाठी गेल्या.

ताप परत आला आणि ऑपरेशनची तारीख निघून गेली. डॉक्टरांनी आणखी जोराची गोळी लिहिली. तीही तशीच अर्ध्यावरून पेटीत, आणि पेटीतून गल्लीत गेली. पुन्हा ताप, पुन्हा हुकलेली तारीख.

"मले एकदा नातीचं तोंड पाहू द्या गा साहेब," नत्थू खाटेवरून म्हणायचा. "मंग ताप येऊ द्या, नाई तं वाघ येऊ द्या."

शेवटी लघवी सविस्तर तपासायला पाठवली. लॅबवाल्याचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, या जंतूवर एकबी गोळी चालून नाही राहिली. इंजेक्शनच द्या लागते, अन् तेही भरती करून."

डॉक्टर तसेच उठून नत्थूच्या घरी आले. तुळसाबाई नेमकी पेटी उघडून बसली होती. आपणच लिहिलेल्या गोळ्या रंगवार मांडलेल्या पाहून ते दारातच थबकले.

"काकू, हे काय?"

"तुमीच तं देल्ल्या."

"मी काकांना आठवडाभर द्या म्हणालो होतो!"

"मंग रुख्मालेबी तसंच म्हटलं होतं तुमी," तुळसाबाई शांतपणे म्हणाली. "तिले खोकला नव्हता, तरी म्हटलं. प्रशिकलेबी म्हटलं. साऱ्याइले तेच म्हनता. त्यातलं खरं कोनतं, आमाले कसं समजन बाप्पा?"

 डॉक्टर पेटीकडे बोट दाखवून ओरडले, "काकांच्या गोळ्या गल्लीनं खाल्ल्या, म्हणून आज ही पाळी आली!"

गल्लीने तेवढंच ऐकलं. पण ऐकलं ते काळजात रुतलं. आपल्या उसन्यापायी नत्थूकाका तापाने फणफणतो आहे! त्या रात्री कुणाला घास गोड लागला नाही.

सकाळी दवाखान्याच्या पायरीपासून पानठेल्यापर्यंत रांग लागली. सगळी रांग खोकत होती. पुढे प्रशिक.

"लवकर लिहा साहेब, कंपनीची बस सुटून राहिली."

"तुला काय झालंय?"

"मले काय होते? नत्थूकाकाचं देनं हाय. ते पांढरी लांबट द्या."

"अरे, ती त्यांना लागू पडत नाही आता! कुठलीच गोळी लागू पडत नाही!"

"ते तुमचं तुमी पाहा. माह्या डोक्यावर उसनं नको."

डॉक्टरांनी त्या दिवशी कुणालाच काही लिहून दिलं नाही. कागद पालथा ठेवला, पेन खिशात घातलं आणि एकेकाला समजावत बसले. लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रांग जशीच्या तशी रस्ता ओलांडून वामनरावांकडे गेली. संध्याकाळी नत्थूच्या खाटेवर लग्नातल्या आहेरासारखा गोळ्यांचा ढीग पडला. तुळसाबाईचे डोळे भरून आले. "मानसं चांगली हो आपली," ती म्हणाली. नत्थूला ग्लानीत काही कळलं नाही. त्या प्रेमाच्या ढिगात त्याच्या कामाची एकही गोळी नव्हती.

डॉक्टरांनी स्वतः ऑटो आणला, नत्थूला धंतोलीच्या इस्पितळात नेऊन भरती केलं, रोज जाऊन इंजेक्शन लागू पडतं का ते पाहिलं. एका सकाळी ताप गेला तो गेलाच. यथावकाश एका डोळ्याचं ऑपरेशनही झालं. इकडे संघपालांच्या दवाखान्यात पुन्हा पंखाच उरला. येणाऱ्याला ते वाफ सांगत, आणि येणारा रस्ता ओलांडे.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर नत्थू नातीला कडेवर घेऊन दवाखान्यात आला. मागे तुळसाबाई होती, दामिनी होती. डॉक्टर लगबगीने उभे राहिले. किती दिवसांनी दारात माणसं आली होती, आणि तीही कशी!

"पाह्यलं का काका नातीचं तोंड?"

"पाह्यलं ना गा! चांदनीवानी हाय." नत्थूने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं, डोळा बारीक केला आणि त्याचा चेहरा उतरला. "पन नाक पाहा न, कसं वाहून राहिलं. लिहा न साहेब एखादी."

डॉक्टरांनी पोरीचा घसा पाहिला, छाती ऐकली, कान पाहिले. पोर खुदकन हसली.

"काही नाही काका. साधी सर्दी आहे. चार दिवसांत आपोआप जाईल."

नत्थू त्यांच्याकडे पाहत राहिला. ज्याने ऑटोत धरून बसवलं, ज्याचा हात कपाळावर रोज ओळखू यायचा, त्या माणसाचा चेहरा तो आज पहिल्यांदाच धड पाहत होता.  मग तुळसाबाईकडे झुकून, अगदी मायेने, पण डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"पोरगा लय चांगला हाय वं. पन याले काही येत नाही."

"थांबा, मी हात धरते," तुळसाबाई म्हणाली.

"काहून? आता दिसते मले."

आणि नातीला छातीशी धरून, आधी उजवीकडे पाहून, मग डावीकडे पाहून, नत्थूने कुणाच्याही आधाराशिवाय रस्ता ओलांडला.