रंगनाथकाकांची बेलबॉटम

आमच्या गल्लीला झाडूवाल्याची गरज नाही. शेजारचे रंगनाथकाका सकाळी दूध आणायला निघाले की त्यांची बेलबॉटम जाताना अर्धा रस्ता झाडते आणि येताना उरलेला.

काकांनी सत्तरी ओलांडली आहे. नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामावर त्यांनी उभी हयात काढली, मी पाहिली ती साध्या पँट-शर्टात. आणि आता या वयात एके दिवशी रिक्षातून शिलाई मशीन घेऊन आले.

"आधी शिंप्याकडं गेल्तो," ते मला म्हणाले. "त्यो म्हन्तो, काका, पँटीच्या पायाला एवढी रुंद मोहरी आता कोनी ठिवत न्हाई. मंग म्हनलं, व्हय बाजूला, मीच शिवतो!"

पहिल्या पँटचे दोन्ही पाय डाव्या पायाचे झाले. काकांनी ती तरीही घातली. "चालताना जरा वळून राह्यलो. बाकी बिलकुल बराबर हे."

मग हात बसला. कुत्र्याच्या कानांसारख्या लांब कॉलरींचे शर्ट आले. जुन्या रेक्झिनच्या पिशवीचा तळहाताएवढा रुंद पट्टा झाला आणि त्याला बक्कल म्हणून कपाटाची पितळी मूठ बसली. एकदा काकांना आमच्या खिडकीचा पडदा आवडला. दुकान विचारून घेतलं आणि त्याच नारिंगी फुलांचा शर्ट शिवला. तो घालून ते आमच्या खिडकीसमोर उभे राहिले की नुसतं डोकं दिसतं.

एकदा बसस्टँडवर रिक्षातून उतरताना बेलबॉटम दांडीत अडकली आणि रिक्षा सुटली. काका बाजूनं धावतायत, ओरडतायत. रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारा प्रेमानं निरोप देतोय. त्यानंही हात हलवला.

"काका, वय काय, कपडे काय!" मी म्हणायचो.

"वय आपल्या जागी, घेर आपल्या जागी."

टेंभुर्णीला सख्ख्या पुतण्याचं लग्न निघालं, तेव्हा त्यानं घरी येऊन हात जोडले. "काका, तेवढा एक दिवस साधे कपडे घाला. पाव्हने हसत्याल." काकांनी लग्नालाच जायचं रद्द केलं. मला ते अतीच वाटलं. सुमनकाकूंनाही नाही नेलं. काकू तशा बाहेर कधी दिसतच नसत. गुडघे दुखतात, असं काका सांगायचे.

लग्न झाल्यावर दोन-चार दिवसांनी मी भर दुपारी त्यांची कात्री परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. आत काका बनियन आणि पट्ट्यांच्या लेंग्यात कोपऱ्यात उभे, आणि काकू लाटणं उगारून समोर.

"कोन हायेस रे बाबा तू? घरात कसा शिरला? आमचे हे येतील आत्ता गोदामावून. निघ!"

"निघतो बाई, निघतो," काका म्हणाले आणि हळूच बाहेर आले. मला पाहून थोडे ओशाळले.

"इसरती हल्ली," ते दबक्या आवाजात म्हणाले. "म्हातारा रंगनाथ तिला ठाव न्हाई. घाबरती. लगीन झालं तव्हा मी बेलबॉटम घालायचो, तेवढाच आठवतो तिला. आज समदे कपडे धुवून टाकले, तिथं चुकलं."

त्यांनी दोरीवरची पँट ओढली, लेंग्यावरच चढवली. ओला फुलांचा शर्ट घातला, केस मागं फिरवले आणि उघड्या दाराची कडी वाजवली.

"सुमन! आलो गं!"

काकू लगबगीनं दारात आल्या. चेहरा एकदम उजळला. "किती उशीर केला! कोनी येक म्हातारा शिरला व्हता घरात. हाकलला मी."

"बरं केलं."

काकूंचा हात त्यांच्या बाहीला लागला. "अहो, शर्ट वला कसा?"

"पावसात सापडलो गं."

बाहेर ऊन रणरणत होतं. काकूंनी कमरेला खोचलेला पदर सोडला आणि टाचा उंचावून काकांचं कोरडं डोकं पुसायला लागल्या. काका मान खाली घालून उभे राहिले.