कोलेस्टेरॉल थोरलीचं, पथ्य मास्तरांचं

"तुमचं वाढलंय," डॉक्टर म्हणाले, आणि थोरलीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांचं नाही, बाई. तुमचं. कोलेस्टेरॉल."

डॉक्टरांचा चष्मा बदलायला झालाय, असं थोरलीला वाटलं. शेजारी तिचा नवरा, टेलरमास्तर, खुर्चीत जेमतेम मावून बसला होता, पोट टेबलाला टेकलेलं. त्याचं रक्त म्हणे स्वच्छ! आणि जिच्या हाडावर चिमूटभर मांस नाही, जिनं उभ्या जन्मात अंथरूण धरलं नाही, तिच्या रक्तात चरबी?

"बारीक माणसांचंही वाढतं. काहींचं शरीरच जास्त तयार करतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात तुम्हाला टोस्टवर बोटभर लोणी लागतं, हे मास्तरांनी सांगितलंय. रोज एक गोळी, लोणी आणि तळलेलं बंद, भाज्या, ओट्स, आणि दणकून चालायचं. मग पुन्हा रक्त बघू."

थोरलीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मास्तरांनी गळ्यातली टेप उगाच सरळ केली.

पण खरा घोर वेगळाच होता. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची. तिला हीच गोळी लागली तेव्हा थोरलीनं सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं होतं, "जिभेवर ताबा नसला की माणूस गोळ्यांवर येतं. मला बघा!" आता कुणी बघायला आलं म्हणजे?

आणि घरी पोचतात तो धाकटी जिन्यातच उभी होती. "काय म्हणाले डॉक्टर? कुणाचं काही निघालं का?"

"यांचं," थोरली म्हणाली. शब्द तोंडातून निसटला तो निसटलाच.

मास्तरांनी आ वासला. थोरलीनं त्यांना दंडाला धरून खालच्या शिवणाच्या दुकानात ओढलं आणि पडदा लावला.

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"हळू बोला. तुमचं पोट बघून कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. नावाला तुमचं पथ्य, तुमच्या पातेल्यातलं गुपचूप मी खाईन. चार दिवस नाव लावून घेतलंत तर काय झिजणार आहात?"

"मला काय मिळेल?"

"बायको जिवंत मिळेल."

मास्तर जरा वेळ विचारात पडले, ते तिला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली उठून बघते, तर स्वयंपाकघर सूनबाईच्या ताब्यात. मास्तरांपुढे ओट्सची वाटी, वर अळशीची पूड. थोरलीपुढे तिचा नेहमीचा टोस्ट, नेहमीसारखं लोणी.

"मीही ओट्सच खाते गं," थोरली गोड आवाजात म्हणाली. "यांना तेवढीच सोबत."

"काही नको!" वरून खास उतरलेली धाकटी कडाडली. "ताई, आधीच तुम्ही काडीसारख्या. आजारी ते, तुम्ही का वाळता? सूनबाई, आईंच्या टोस्टला अजून लोणी लाव."

सूनबाईनं लावलं. दोघी जणी समोर उभ्या राहिल्या. थोरलीनं टोस्ट खाल्ला, आणि मास्तरांनी तो तिच्या तोंडात जाईपर्यंत डोळ्यांनी पोचवला.

गोळीचं तर आणखी अवघड. सूनबाई ती स्वतःच्या हातानं मास्तरांना देई आणि वर म्हणे, "बाबा, पाणी प्या. आता बोलून दाखवा." पण मास्तर जन्मभर तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोललेले. गोळी गालात ठेवून ते अख्खी बातमी सांगू शकत. मग पडद्याआड येऊन ते ती थोरलीच्या तळहातावर काढत.

"शी! अर्धी विरघळली की हो!"

"आज सूनबाई फार बोलायला लावत होती. बाहीच्या मापापर्यंत गाडी आली होती."

एकदा टाचण्या आणि गोळी एकत्र झाल्या. त्यानंतर मास्तरांनी आधी तोंड रिकामं करून मगच औषधाला बसायचं ठरवलं.

चालण्याचं म्हणाल, तर संध्याकाळी मास्तरांना बाहेर काढायला धाकटीचा नवरा हजर. थोरली चपला घालू लागली की धाकटी म्हणे, "ताई, दुकानात कोण बसणार?" मग थोरली दुकान रिकामं बघून कापड बेतायच्या टेबलाभोवती फेऱ्या मारी. एक गिऱ्हाईक अचानक आत शिरलं तेव्हा ती हात हलवत भरधाव चालली होती.

"काय शोधताय, मावशी?"

"सुई," थोरली धापा टाकत म्हणाली.

तो बिचारा गुडघ्यांवर बसून शोधू लागला. तो जाईपर्यंत फेऱ्या बंद.

मास्तरांच्या आजाराची बातमी गिऱ्हाइकांत फिरली. कुणी अक्रोड आणले, कुणी लसूण, कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. औषधाबरोबर काय चालतं काय नाही ते डॉक्टरांना विचारा, असं मास्तर परोपरीनं सांगत. सगळे म्हणत, "अहो, साधं तेल तर आहे!" कॅप्सूल घेतल्यावर मास्तर कॉलरचं माप घ्यायला वाकले की माशाच्या वासानं गिऱ्हाईक मान मागे घेई. कॉलरी सैल होऊ लागल्या.

मास्तरही सैल झाले. त्यांनी स्वतःची पँट कमरेत आत घेतली, पुन्हा घेतली, आणि शेवटी मशीनवर डोकं टेकून म्हणाले, "आता मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडले. तू सांगतेस का मी सांगू?"

"थोडा धीर धरा."

"धीरच खातोय. दुसरं काय देतात?"

तशात धाकटीच्या लग्नाचा वाढदिवस आला. वर सगळे जमले. टेबलावर तीन मजली केक, मधे मधे लोण्याचा थर. मास्तरांपुढे उकडलेली भाजी. केकवर सुरी टेकली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. गालफडं बसलेली, गळ्यातली टेपसुद्धा लांब वाटत होती. थोरली जिभेची तिखट होती, काळजाची नव्हती.

ती उभी राहिली. "थांबा. यांना केक द्या. यांना काही झालेलं नाही. कोलेस्टेरॉल माझं वाढलंय. मी खोटं बोलले."

धाकटीच्या हातातली सुरी तशीच राहिली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

"ताई! नवऱ्याला केकचा एक तुकडा मिळावा म्हणून एवढं?"

"अगं, खरंच माझं आहे!"

"तुमचं? तुम्हाला कधी साधी सर्दी नाही!" धाकटी हुंदका देत म्हणाली. "तुमचा अभिमान किती, मला माहीत नाही का? तोही सोडलात त्यांच्यासाठी!"

"अहो, तुम्ही तरी सांगा!" थोरली नवऱ्यावर ओरडली.

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "खरं आहे. तिचंच आहे. देवाशप्पथ!"

"बाबा!" सूनबाई चिडली. "केकसाठी आईंना आजारी पाडता? लाज नाही वाटत?"

धाकटीनं थोरलीला मिठी मारली. "मी तुम्हाला आजवर फटकळ समजत आले. आता सगळ्यांना सांगणार आहे, अशी बायको शोधून सापडणार नाही!" दीर मान डोलवत होते. पाहुण्यांतल्या एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपर मारून थोरलीकडे बोट दाखवलं.

थोरलीनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं. समोर धाकटी तिच्याकडे अशा नजरेनं बघत होती, जशी नजर या घरात आल्यापासून थोरलीच्या वाट्याला आली नव्हती. थोरलीनं तोंड हळूच मिटलं. पदर सारखा केला. मग धाकटीनं पुढे केलेला केकचा मोठा तुकडा मुकाट्यानं घेतला.

मास्तरांनी ते मिटलेलं तोंड पाहिलं, आणि भाजीसाठी जरा मीठ मागितलं.

"मीठही कमीच, बाबा," सूनबाई म्हणाली आणि मिठाची बाटली उचलून घेऊन गेली.