बुधवारची दुपार आणि गणपुले मास्तर

पनवेलात माणूस माणसाला भेटला की विचारायचा, "काय म्हणता?" गणपुले मास्तर विचारायचे, "कुठल्या पानावर?"

म्हणजे सध्या जे पुस्तक वाचताय, त्याच्या कुठल्या पानावर आहात. समोरचा काहीच वाचत नसेल, ही शक्यताच त्यांना मान्य नव्हती. भाजी घेताना, न्हाव्याकडे गालाला साबण लागलेला असताना, दवाखान्यात डॉक्टर जीभ बघत असताना, कुठेही हा प्रश्न यायचा. एकदा बाजारपेठेतून वरात चालली होती. मास्तरांनी घोड्याचा लगाम धरला आणि मुंडावळ्यांच्या आत डोकावत विचारलं, "काय रे दत्तू, कुठल्या पानावर?" नवरदेव त्यांचाच जुना विद्यार्थी. "संपत आलंय मास्तर!" असं तो घोड्यावरून ओरडला, तेव्हा कुठे वरात पुढे सरकली. कापडवाल्या शेठजींनी तर कायमचं उत्तर तयार ठेवलं होतं, "शेवटून तिसऱ्या." कित्येक वर्षं ते त्याच पानावर होते. मास्तर म्हणायचे, "सावकाश वाचतो, पण मन लावून वाचतो हो!"

मी लग्न होऊन पनवेलला आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती. आमचं घर भाताच्या गिरणीजवळ. मास्तर मागच्या आळीत, वडाळे तळ्याच्या बाजूला एकटेच राहायचे. शाळेत हेडमास्तर म्हणून जन्म काढला, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गावच्या वाचनालयाचे बिनपगारी चिटणीस झाले. काळी टोपी, आखूड धोतर आणि काखेत छत्री. छत्री उन्हासाठी नव्हे, पावसासाठीही नव्हे. वरच्या फळीवरची पुस्तकं तिच्या मुठीने खाली ओढायला.

पुस्तक देण्याआधी ते घेणाऱ्याचे हात बघत. पंगतीत बसणाऱ्या पोरांचे बघतात तसे, उलटेसुलटे. हळदीचं बोट दिसलं की परत पाठवत. परत आलेलं पुस्तक झटकून बघत. खुणेसाठी लोकांनी घातलेलं काय काय त्यातून पडायचं: चिंचेचा पाला, एसटीचं तिकीट, अक्षता, आणि एकदा तर चक्क सुका बोंबील. सगळे नाक धरून लांब झाले. मास्तरांनी तो चिमटीत उचलला, पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "निदान अर्ध्यापर्यंत पोचला होता."

त्यांच्या मनात एक मोठा सल होता. वाचनालयात बायका येत नसत. मास्तरांनी भांडून दर बुधवारची दुपार बायकांसाठी राखून घेतली होती. त्या वेळात पुरुषांना प्रवेश नाही. मास्तर स्वतःही उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसत. आत रिकाम्या खुर्च्या आणि बाहेर मास्तर, असं कित्येक बुधवार चाललं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक वकीलसाहेब. त्यांनी शेवटी सांगितलं, "मास्तर, दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर ही वेळ बुद्धिबळवाल्यांना देऊन टाकू."

मास्तर पेटले. पिशवीत पुस्तकं घालून कासारासारखे दारोदार हिंडू लागले. आमच्याकडे आले तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"सूनबाई, कुठल्या पानावर?"

मी उत्तर द्यायच्या आतच दारातून सासूबाई म्हणाल्या, "ती कुठल्याच पानावर नाही. आणि पुस्तकं वाचून आमटीला फोडणी बसत नाही, मास्तर."

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मास्तरांनी मान डोलावली. "अगदी खरं, वहिनी. जरा पाणी मिळेल?"

पाणी येईपर्यंत ते ओट्यावर टेकले, पिशवीतलं एक पुस्तक काढलं आणि स्वतःशीच वाचल्यासारखं, पण शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचू लागले. एक नवी नवरी पालखीतून सासरी निघाली आहे, वाटेत नदी लागते, दिवस मावळायला आलाय, होडी एकच आणि नावाडी तोंडाला फडकं बांधून बसलेला. सासूबाई तांब्या घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. होडी मधोमध आली. वाऱ्याने नावाड्याच्या तोंडावरचं फडकं उडालं. नवरीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली...

मास्तरांनी पुस्तक मिटलं, पाणी प्यायले आणि उठले.

"अहो, कोण होता तो?" सासूबाई म्हणाल्या.

"पुढचं पुस्तकात आहे, वहिनी. पुस्तक वाचनालयात असतं. बुधवारी दुपारी."

त्या दिवशी आमटीला फोडणी दोनदा बसली. मीठही दोनदा पडलं. सासूबाई दिवसभर पुटपुटत होत्या, "दीर असेल. नाहीतर तिचा मेलेला भाऊ." बुधवारी जेवणं उरकली तशा त्या मला म्हणाल्या, "ऊठ. पातळ बदल. आणि हात नीट धू, तो मास्तर हात बघतो म्हणे."

त्या बुधवारी आम्ही दोघीच. मी वाचलं, त्यांनी ऐकलं. नावाडी नवरीचा बाप निघाला. सासूबाईंनी ही बातमी विहिरीवर अर्धीच सांगितली. पुढच्या बुधवारी आळीतल्या पाच-सात सासवा आपापल्या वाचणाऱ्या सुना घेऊन हजर. मास्तर उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून हसत होते.

आणि मग एक दिवस पायरीवर हिराबाई येऊन बसली. ती खाडीकडच्या गावातून डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन यायची. ऊन लागलं म्हणून टेकली, ती गोष्ट संपेपर्यंत उठलीच नाही. मास्तरांनी विचारलं, "हिराबाई, आत येऊन बसतेस?"

"मास्तर, आमाला वाचता येत नाय."

"त्यांनाही येत नाही," मास्तर सासूबाईंकडे बोट करून हळूच म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकलं आणि सरकून चटईवर जागा केली.

पाटीही आत आली. तिचा वास गुरुवारपर्यंत राहिला आणि शुक्रवारी वकीलसाहेबांपर्यंत पोचला. पुढच्या बुधवारी साहेब स्वतः दारात उभे.

"मास्तर, हे वाचनालय आहे. मासळीबाजार नव्हे."

मास्तर स्टुलावरून उठले. जन्मभर शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांपुढे उठले असतील तसेच, अदबीने. "साहेब, मासळीबाजारात बायका येतात. आपल्याकडे येत नव्हत्या. तेव्हा कुणी कुणाकडून शिकायचं?"

आत कुणाला तरी हसू आवरलं नाही. वकीलसाहेबांनाही हसू आलं. "बरं, बाया बसू देत. पण पाटी बाहेर!"

"पाटी भायेर ठेवली तं मांजरी नेतील ना," आतून हिराबाई म्हणाली.

"मी आहे ना," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून दर बुधवारी तालुक्याचे माजी हेडमास्तर वाचनालयासमोरच्या कडुनिंबाखाली मासळीच्या पाटीपाशी उभे राहून छत्रीने मांजरं आणि कावळे हाकत. एक कान मात्र आत. गोष्ट रंगात आली की छत्री हवेतच थांबायची आणि कावळा बोंबील घेऊन जायचा. हिराबाई म्हणायची, "जाऊं द्या मास्तर, त्यालाबी गोष्ट सांगा." दिवाळी आली आणि गेली. बुद्धिबळाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या भादव्यात एका बुधवारी स्टूल रिकामं होतं. वाचनालयाचा शिपाई म्हणाला, मास्तरांना हिवताप झालाय. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वर्षभर मास्तर सगळ्यांच्या ओट्यावर आले, पण त्यांच्या घराची पायरी आमच्यापैकी कुणी चढली नव्हती. सासूबाई उठल्या. मी अर्धं वाचलेलं पुस्तक घेतलं, हिराबाईने पाटी उचलली आणि आम्ही तिघी निघालो.

मला वाटलं होतं, घरात पाय ठेवायला जागा नसेल, पुस्तकांच्या उतरंडी असतील. दार नुसतं लोटलेलं. आत एक खाट, खाटेवर घोंगडी पांघरलेले मास्तर; एक स्टोव्ह, एक ताट, एक वाटी. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या ठोकलेल्या आणि सगळ्या फळ्या रिकाम्या.

सासूबाईंनी पेज टाकली. हिराबाई फळ्यांकडे बघत म्हणाली, "मास्तर, तुमची पुस्तकां कुठं हायत?"

"वाचनालयात. सगळी दिली."

"एकही ठेवलं नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तर घोंगडीतून हसले. ताप उतरत होता, बोलायची हुक्की आली होती. "ही गेली ना, वहिनी, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरातच बसून वाचत होतो. उजाडायचं, मावळायचं, मी आपला वाचतोय. मोठं सुख वाटायचं. एकदा दूधवाला आला. त्याला 'उद्या जास्त घाल' म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा खाकरला, तरी नाही. मग आठवलं, कितीतरी दिवसांत मी कुणाशी एक शब्दसुद्धा बोललो नव्हतो." ते थोडं थांबले. "घाबरलो हो. हजार पोरांना ओरडणारा गळा माझा! दुसऱ्याच दिवशी हातगाडी बोलावली आणि होतं नव्हतं ते वाचनालयात नेऊन टाकलं. म्हटलं, आता वाचायचं असेल तर बाहेर पडावंच लागेल. आणि बाहेर पडलं की कुणीतरी भेटतंच."

स्टोव्हचा तेवढा आवाज.

मग सासूबाईंनी पेजेची वाटी त्यांच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुस्तक आणलंयस ना? वाच."

"छे छे," मास्तर उठून बसायला लागले, "आज बुधवार. बायकांची वेळ. मला ऐकायचा अधिकार नाही."

"मग डोळे मिटून पडा," सासूबाई म्हणाल्या.

मी वाचायला लागले. मास्तरांनी पेज संपवली, आडवे झाले, आज्ञाधारक पोरासारखे डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. झोप लागली होती. मी आवाज खाली आणला, आणि पुस्तक मिटायला लागले.

सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "घरात आवाज असू दे."