हवा कोण खातंय?

कुंडलिक नाना आमच्या घरचं वायफाय दुरुस्त करायला पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या एका हातात साबणाच्या पाण्याचा मग होता आणि दुसऱ्या हातात दाढीचा ब्रश.

मी दार उघडून तसाच उभा राहिलो. नाना चपला काढून आत आले, चष्मा सावरला आणि विचारलं, "सायेब, लाइन कुठनं येती?"

मी बेडरूमकडे बोट दाखवलं. त्यांनी राउटर पाहिला, ब्रश मगात बुडवला आणि फेसाळलेला हात पुढे केला. मी ओरडलो. स्वयंपाकघरातून मीना, माझी बायको, पळत आली आणि तीही ओरडली.

नाना हसले. "घाबरू नका, लावत न्हाई. तीस वर्सं मेंटेनन्सला काढली. मोकळ्या हातानं मशीनपाशी उभं ऱ्हायला जमत न्हाई मला."

चाकणच्या एका कंपनीत नाना हवेच्या लाइनीचे फिटर होते. कंप्रेसरमधून निघालेली हवा पाइपातून सगळ्या प्लँटभर खेळते, आणि तिच्यावर मशिनं चालतात. पाइपाला कुठे बारीक भोक असलं तर दिसत नाही. तिथे साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की लीकेज सापडलं. तीस वर्षं बुडबुडे शोधल्यामुळे नानांना जगात कुठेही काही गळत असलेलं सहन होत नसे. जिन्यात उभं राहून ते सांगायचे, "दुसऱ्या मजल्यावरचा कुकर हवा सोडतोय, रिंग बदला म्हनावं." सोसायटीतल्या एका वाढदिवसाला त्यांनी सगळे फुगे एकेक करून कानाशी लावले आणि तीन फुगे नापास केले. ज्या मुलाचा वाढदिवस होता तो रडायला लागला.

वायफायबद्दल त्यांचा माझ्याशी पहिला वाद झाला तो 'बार'वरून. मी म्हणालो, "नाना, लॅपटॉपवर दोनच बार दिसतायत."

नाना हादरले. "दोन बार? दोन बारवर सिलिंडरसुदिक हालत न्हाई, सायेब! सहा पायजेत."

"हे हवेच्या दाबाचे बार नाहीत हो. या नुसत्या उभ्या काड्या आहेत."

"बार म्हंजी बार. प्रेशर न्हाई लाइनीत."

मग त्यांनी लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही तळव्यांवर घेतला आणि घरभर हळूहळू फिरले. ते आकडा सांगायचे, मी कागदावर लिहायचो. हॉल तीन. स्वयंपाकघर दोन. बेडरूमच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाशेजारी, एक. राउटर त्याच कपाटामागे होता आणि त्याच्यावर मीनाने तांब्याची कळशी ठेवली होती.

"पत्र्याआड हवा जाईल का?" असं म्हणत नानांनी राउटर ओढून काढला आणि हॉलमध्ये उंच फळीवर ठेवला. काड्या भरल्या. मी थक्क झालो. आमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याला मी दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा त्याने "रीस्टार्ट करा सर" एवढंच सांगितलं होतं.

आनंदाच्या भरात मी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून नानांना दिला. "केव्हाही आलात तर वापरा." ही चिठ्ठी वाचकांनी लक्षात ठेवावी. मी विसरलो होतो.

आता आमच्या पायाखालच्या माणसाबद्दल सांगायला हवं. मोशीकडची आमची ही इमारत उभी आहे ती नानांच्या घरच्या शेतावर. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दोघा भावांना फ्लॅट दिले. धाकट्या नानांना तिसऱ्या मजल्यावर, थोरल्या अण्णांना तळमजल्यावर, म्हणजे बरोबर आमच्या खाली. शेतात वडिलांनी खोदलेली विहीर होती. ती बुजवायच्या कागदावर नानांनी अण्णांना न विचारता सही केली. तिच्यावर आता आमच्या गाड्या उभ्या राहतात. त्या दिवसापासून अकरा वर्षं भावाभावांत शब्द नव्हता. समोरून अण्णा काठी टेकत आले की नाना पाण्याच्या मीटरमध्ये वाकून काहीतरी तपासायचे. दोघांच्याही बायका गेलेल्या. नानांचा मुलगा हिंजवडीकडे राहायला गेलेला, अण्णांची मुलगी शकू देहूरोडला दिलेली.

नानांच्या दुरुस्तीनंतर वर्षभर वायफाय सुरळीत चाललं. मग पुन्हा अडकायला लागलं. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो आणि मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. काड्या भरलेल्या, तरी चित्र गोठायचं. मी नानांना बोलावलं. साबणाचा मग आणि ब्रश आलेच.

"कंप्रेसर चांगला, पाइप चांगला," नाना म्हणाले. "मग हवा कोण खातंय? लाइन खाली करू."

प्लँटमध्ये हे रविवारी करतात, त्यांनी समजावलं. सगळी मशिनं बंद करायची आणि मग पाइपालगत चालत जायचं. त्यांनी आमचा टीव्ही बंद केला, माझा लॅपटॉप बंद केला. मीना बहिणीशी बोलत होती, तिचा फोन हातातून काढून घेऊन बंद केला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. घरात काही चालू नव्हतं, तरी राउटरचा दिवा फडफडत होता.

"बघा! खातंय कोनतरी."

मी फक्त माझा मोबाइल सुरू करून राउटरची यादी उघडली. माझ्या मोबाइलखाली आणखी एक नाव होतं. नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे. आणि ते सारखं काहीतरी बाहेर पाठवत होतं. आपल्या घरात कुणी अनोळखी माणूस महिनोन्‌महिने बसून आहे आणि आपल्याला पत्ता नाही, तसं वाटलं.

"नाना, हा बघा चोर!"

नानांनी यादी पाहिली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. साबणाच्या पाण्याचा मग उचलला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. थोडं लीकेज चालतं."

मी बघतच राहिलो. ज्याने लहान मुलाचे फुगे नापास केले, तो माणूस म्हणत होता, थोडं लीकेज चालतं! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दारात ते थांबले. "आन् कॉक बंद करायचाच झाला, तर आदी हाक मारा. लाइनीवर कोन हात घालून बसलंय, ते हितनं दिसत न्हाई."

गुरुवारी सकाळी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग होती. मीना शाळेत शिकवायला गेली होती. साडेनऊला सुरू झाली आणि दहा मिनिटांत पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आवाज तुटतोय तुमचा." मी मोबाइल उचलला, ती अक्षरं-आकड्यांची ओळ शोधली आणि 'ब्लॉक'वर बोट ठेवलं. कुणालाही हाक मारली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकायला किती वेळ लागला असता?

चित्र काचेसारखं स्वच्छ झालं. मी खुलून बोलायला लागलो.

थोड्या वेळाने खालून आवाज यायला लागला. टण, टण. थांबायचा, पुन्हा टण, टण. कुणाच्या तरी घरी फर्निचरचं काम चाललं असेल, असं मी धरून चाललो. उठून खिडकी लावली. तरी ऐकू येत होतं, तेव्हा हेडफोन घातला. मध्येच नानांचा फोन आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

साडेअकराला मीटिंग संपली. "आज आवाज फार स्पष्ट होता," असं साहेब म्हणाले. त्याच खुशीत मी चहाचं दूध आणायला खाली उतरलो.

अण्णांच्या आतून बंद दारापुढे नाना गुडघ्यावर बसले होते. ते सकाळी चष्म्यासाठी पिंपरीला गेले होते. नव्या चष्म्याची डबी जमिनीवर पडलेली, आणि ते स्क्रू-ड्रायव्हरवर हातोडी मारून बिजागरीची खीळ वर काढत होते.

"नाना, हे काय?"

"काळं झालंय," ते वर न बघता म्हणाले. "नऊ चाळीसपासनं काळं झालंय. शकूला फोन लावला, ती कामावर. तुमाला लावला."

"काय काळं झालंय?"

त्यांनी खिशातला मोबाइल माझ्याकडे दिला. पडदा काळा होता. खाली लिहिलं होतं, कॅमेरा बंद आहे. आणि त्याच्याखाली तीच अक्षरं, तेच आकडे.

नऊ चाळीसलाच मी 'ब्लॉक'वर बोट ठेवलं होतं. मी भिंतीला हात लावला.

दुसरी खीळ निघाली. नानांनी दार उचलून अलगद बाजूला ठेवलं. आणि मग उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"तुमी जा."

"अहो नाना, चला ना!"

"तुमी जा, सायेब. तो मला आत घेनार न्हाई."

मी आत गेलो. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आडवे पडले होते. उजवं मनगट वाकडं झालं होतं. डाव्या हातात पितळी तांब्या होता. फरशीवर आपटून आपटून त्याला पोचे पडले होते.

"कोन?"

"मी वरचा, अण्णा."

"दीड-दोन तास झालं वाजवतोय. वर कुनी मानूस ऱ्हातं का न्हाई?"

मी खाली वाकलो. त्यांना पाणी पाजलं. पाणी पिऊन त्यांनी मान वळवली आणि उघड्या चौकटीकडे पाहिलं. चौकटीपलीकडे नानांच्या सदऱ्याची एक बाही दिसत होती.

"बिजागरी न मोडता दार काढनारा आमच्या घरात एकच हाय," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "त्याला म्हनावं, आलाच हायेस तर पाय धर. उचलायचंय मला."

नाना खाली मान घालून आत आले आणि त्यांनी भावाचे पाय धरले. मी खांद्याकडून उचललं. रिक्षात बसवून झालं, रिक्षा पिंपरीच्या दवाखान्याकडे निघाली, तरी नानांनी पाय सोडले नव्हते. अण्णांनीही सोड म्हटलं नाही. बोलणं मात्र नाहीच. एक्स-रेच्या रांगेत अण्णा मला म्हणायचे, "त्याला सांगा, जेवून घे म्हनावं." मी नानांकडे वळायचो, तर नाना मला म्हणायचे, "त्याला सांगा, भूक न्हाई."

मनगटाला प्लॅस्टर बसलं. रजा घेऊन शकू दोन दिवस राहायला आली. "नेमकं त्याच दिवशी नेटवर्क गेलं हो, काका," असं ती मला म्हणाली, आणि मी मान डोलावली. मी मान डोलावली! तो ब्लॉक मी अजून काढला नव्हता. काढला असता तर कॅमेरा आपोआप सुरू झाला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. त्या भीतीने मी तीन दिवस ती यादी उघडलीच नाही.

रविवारी दुपारी राहवेना. तिसरा मजला चढून नानांकडे गेलो. दार उघडंच होतं. नाना जेवायला बसले होते. ताटासमोर पाण्याचा लोटा आणि लोट्याला टेकवून उभा केलेला काळा मोबाइल.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ब्लॉक, खिडकी, हेडफोन, कापलेले फोन.

नानांचा घास हातातच राहिला. "वाजवलेलं ऐकू आलतं?"

"आलं होतं."

"किती वेळ?"

"मीटिंग संपेपर्यंत."

त्यांनी मला थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी घास ताटात ठेवला.

"मी तरी कुठं हाक मारली तुमाला? तुमची चिठ्ठी मीच दिली शकूला, कॅमेऱ्यासाठी. माझं वायफाय तिथवर पोचत न्हाई, आन् माझं हाय कळलं तर तो कॅमेरा उचलून फेकंल. पोरीला म्हनालो, अण्णा पडला-बिडला तर दिसंल." ते थांबले. "खोटं बोललो तिला. जेवताना मोबाइलवर लावून बसायचो मी. तो बरोबर एक वाजता कॅमेऱ्याम्होरं बसतो जेवायला. मी हितं बसतो. मग जातो घास."

मी माझा मोबाइल काढला आणि ती ओळ मोकळी केली.

दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग लोट्याला टेकलेल्या पडद्यावर अण्णांचं घर उमटलं. अण्णा ताटावर बसले होते. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात चमचा, सदऱ्यावर वरणाचा ओघळ. घरात दुसरं कुणी नव्हतं. ते सरळ कॅमेऱ्यात बघत होते आणि ओरडत होते. कॅमेऱ्यातून नाना बघतात, असं शकूने जाताना त्यांना सांगून टाकलं होतं, हे मला मागाहून समजलं.

"कुंडल्या! कालधरनं बोलावतोय तुला. भैरा झालास व्हय? डाव्या हातानं निम्मं सांडतंय. बघत काय बसतोस नुसतं? खाली ये!"

नाना उठले. उष्टा हात तसाच, पायात चपला नाहीत. जिन्यावर त्यांची पावलं धडधडत खाली गेली.

त्यांच्या ताटापाशी मी एकटाच राहिलो. पडद्यावर अण्णा दाराकडे मान वळवत होते. मी मोबाइल उचलला आणि पालथा घातला.