गुळगुळीत कागदावरची सही

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मोठ्या बाईंनी पहिल्या दाखल्यावर सही केली, आणि ती कागदावर बसेचना. अळवावरच्या पाण्यासारखे शाईचे मणी झाले आणि घरंगळत तारखेवर जाऊन थांबले. संस्थेने यंदा हौसेने गुळगुळीत कागद आणला होता. बाईंचं शाईपेन मात्र रुजू झाल्या दिवसापासूनचं. तेव्हाचा खरबरीत कागद शाई कशी घटाघट प्यायचा, हे आठवून त्यांचे डोळे सकाळपासून तिसऱ्यांदा भरून आले.

कारकुनाने बॉलपेन पुढे केलं. तो बाईंचाच जुना विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास झालेला. बाईंनी बॉलपेन बाजूला सारलं.

"शाईचा दोष नाही रे. या कागदापेक्षा तिला स्वतःचीच ओढ जास्त. म्हणून गोळा होते."

"मग काय करायचं, बाई?"

"धीर धरायचा."

चाळीस दाखले सह्या करून वर्गातल्या बाकांवर वाळत घातले. तोवर कुठल्या बाकावर कोण व्रात्य कार्टं बसायचं, ते बाई सांगत राहिल्या. तासाभरात एकही सही वाळली नाही. कारकुनाने पंखा लावला, तशा सह्या पळत सुटल्या. घाबरून त्याने दाखले एकावर एक रचले, तर प्रत्येक सही वरच्या दाखल्याच्या पाठीला लागली. शेवटी चित्रकलेचे सर म्हणाले, खडूची पूड चोळा, शाई धरेल. शाईने कागद धरला खरा, पण चहूबाजूंनी पसरून. निरोपसमारंभात सगळे शिक्षक शिंकत होते. त्यात रडतंय कोण, ते कळलंच नाही.

चौथ्या दिवशी कारकून बाईंच्या घरी आला. बाई झाडलेली खोली पुन्हा झाडत होत्या. त्याने ओशाळून सांगितलं, की पुढच्या शाळेने सगळे दाखले परत पाठवलेत. चाळीस सह्या चाळीस जणांच्या वाटतात म्हणे. तारीख बाईंच्या वेळची, त्यामुळे नव्या बाईंची सही चालणार नाही. एकदा शाळेत यावं लागेल.

बाईंनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली. "येते की. कागद कोणता घेतलायस?"

"साधा, खरबरीत. दहा मिनिटांत मोकळ्या व्हाल."

"आणि तो गुळगुळीत?"

"तीन गठ्ठे पडून आहेत."

"मग आधी तो संपवू या," चपला पायात सरकवत बाई म्हणाल्या. "शाळेचा कागद वाया जाऊ नये."